टपाची जुनी गाडी, कुणी हात न लावलेली: ती शोधायची कुठे आणि ओळखायची कशी

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. 1950-60 च्या काळातली, मोजक्याच बनलेली, कापडी टपाची दोन सीटची गाडी तुम्हाला हवी आहे, आणि ती कुणी रिस्टोअर केलेली नको. दोन वर्षं जाहिराती चाळताय. तीन गाड्या प्रत्यक्ष पाहिल्यात: एक तुम्ही पोचायच्या आदल्या दिवशी गेली, दुसरीचा ‘कारखान्यातला रंग’ नंतर मारलेला निघाला, तिसरीच्या मालकाने सौदा तोंडावर आल्यावर विकायचा बेतच रद्द केला. म्हणून विचारताय, अशा गाड्या विकायला येतात तरी कुठे?

मी मुळात टप आणि सीट शिवणारा माणूस. पंचवीसेक वर्षं जुन्या उघड्या गाड्यांचं हेच काम करतोय, आणि गेली काही वर्षं खरेदीआधी गाडी तपासून देण्याचंही. तेव्हा टपाबद्दल जरा जास्त बोललो तर चालवून घ्या.

‘कुठे’चं सरळ उत्तर असं की बहुतेक वेळा कुठेच नाही. ज्या गाडीला चाळीस वर्षांत कुणी हात लावला नाही, तिच्या मालकाला ती विकायची नव्हती म्हणूनच ती तशी राहिली. बाजारात आली असती तर एव्हाना कुणीतरी रंग फासून, नवा टप चढवून दोनदा विकली असती. ‘मूळ अवस्थेत’ आणि ‘विक्रीला’ या दोन अटी एकमेकींच्या मुळावर उठलेल्या आहेत. दोन्ही एकत्र जुळतात ते अगदी थोडे दिवस: मालक वारतो, घर सोडायचं असतं, गोदाम रिकामं करून द्यायचं असतं, मुलांना त्या लोखंडात रस नसतो. त्या दोन-चार आठवड्यांत घरच्यांना ज्याचं नाव आठवेल, गाडी त्याची. जाहिरात आलीच तर त्यानंतर येते. त्यामुळे पहिली गाडी हातची गेली याचं नवल नाही. तिसऱ्या गाडीचं मात्र मला अजिबात वाईट वाटत नाही. त्यावर पुढे येतो.

आधी शब्दांचा गुंता सोडवू, कारण शोध तिथेच अडतो. तुम्ही ‘व्हिंटेज’ लिहिलंय. बोलण्यात चालून जातं, पण इंग्लंडमधला व्हिंटेज स्पोर्ट्स-कार क्लब (स्थापना 1934) हा शब्द 1919 ते 1930 मध्ये बनलेल्या गाड्यांपुरताच वापरतो. 1950-60 च्या गाडीला जाणकार ‘क्लासिक’ म्हणतात. त्याहून महत्त्वाचं म्हणजे उघड्या गाडीला देशोदेशी आणि कंपनीगणिक वेगळं नाव होतं: रोडस्टर, टूरर, ड्रॉपहेड कूपे, कॅब्रिओले, स्पायडर, फ्रेंचांची देकापोताब्ल. जॅग्वार आपल्या उघड्या ई-टाइपला ‘ओपन टू सीटर’ म्हणायची. नाव बदललं की कधीकधी गाडीच बदलते. इटलीची लान्चिया ऑरेलिया बी24 घ्या. 1954-55 मधल्या ‘स्पायडर’ 240 बनल्या. त्यांच्या दारांना वर-खाली होणाऱ्या काचा नाहीत, पाऊस आला की बाजूचे सुटे पडदे लावायचे. 1956 नंतरची ‘कन्व्हर्टिबल’ त्याच बी24 घराण्यातली, पण काचा फिरवायच्या, आणि संख्या दुपटीहून जास्त. दोघींच्या किमतीत मोठं अंतर आहे. तेव्हा फक्त ‘कन्व्हर्टिबल’ टाइप करून शोधत असाल तर अर्ध्या गाड्या तुमच्या नजरेला पडतच नाहीत. ती गाडी ज्या देशांत विकली गेली, त्या देशांच्या भाषांत शोधा. जर्मन माणूस अशा गाडीला ‘शॉयनेनफुंड’ म्हणतो, फ्रेंच माणूस ‘सोर्ती द ग्रांज’. दोन्हींचा अर्थ एकच: कोठारातून निघालेली.

‘रिस्टोअर न केलेली’ या तीन शब्दांतही तीन वेगळ्या गाड्या लपलेल्या असतात. एक, जपून वापरलेली आणि म्हणून तशीच राहिलेली. दुसरी, बंद पडल्यावर कोपऱ्यात ढकललेली आणि कुजलेली. तिसरी, कुणीतरी उत्साहाने खोलली, निम्मे भाग खोक्यांत भरले आणि पुढे जमलं नाही. तिन्ही जाहिरातींत शब्द तोच असतो. तुम्हाला पहिली हवी आहे असं मी धरून चालतो, पण तुमच्या बजेटमध्ये बहुधा दुसरी येईल. तिसरीच्या वाटेला शक्यतो जाऊ नका. दुर्मीळ गाडीचा हरवलेला एक क्रोमचा तुकडा शोधण्यात वर्ष निघून जातं.

अशा गाड्यांची हाव आधी इतकी नव्हती. पूर्वी जुनी गाडी मिळाली की पत्र्यापर्यंत खरवडून नव्यासारखी चकाचक करणं हाच मोठेपणा. कॅलिफोर्नियात जुन्या गाड्यांची पेबल बीच स्पर्धा भरते, तिच्यात 2001 मध्ये न बदललेल्या गाड्यांसाठी वेगळा गट सुरू झाला. जुन्या वाहनांची आंतरराष्ट्रीय संघटना फीव्हा (1966 पासूनची) हिने 2012 मध्ये ट्युरिनची सनद मंजूर केली आणि जतनाला नव्याने घडवण्यापेक्षा वरचं स्थान दिलं. चांगलंच झालं, पण परिणाम असा की आता धूळसुद्धा विकाऊ झाली आहे. चार महिने झाडाखाली उभी करून मुद्दाम मळवलेली गाडी मी स्वतः पाहिली आहे. खरी धूळ आडव्या भागांवर जाड आणि उभ्या भागांवर विरळ बसते, डिकीच्या आतल्या कडेलाही असते. तिच्यात उंदरांनी कुरतडलेलं कापड असतं. बॉनेट धुळीने भरलेलं आणि टायरच्या खाचा स्वच्छ, असं दिसलं की समजून जा.

आता शोधाकडे. पहिलं काम म्हणजे ज्या मॉडेलच्या मागे आहात त्याचं रजिस्टर मिळवा. थोड्या संख्येने बनलेल्या बहुतेक गाड्यांच्या चॅसिस नंबरांची यादी कुणीतरी, बहुतेक वेळा एखादा निवृत्त आणि चिकट माणूस, सांभाळत असतो. कोणता नंबर कुठे आहे, कोणता भंगारात गेला, कोणता 1970 नंतर कुणी पाहिलाच नाही, हे त्या यादीत असतं. तुमची गाडी त्या शेवटच्या रकान्यात आहे. एल्विस प्रेस्लीने जर्मनीत सैन्यात असताना वापरलेली बीएमडब्ल्यू 507 अशीच सापडली. त्या मॉडेलच्या सुमारे अडीचशेच गाड्या बनल्या; ही कॅलिफोर्नियात एका गोदामात कित्येक वर्षं पडून होती, रंग बदललेला, मूळ इंजिन गायब. ओळख पटली ती चॅसिस नंबर 70079 वरून. बीएमडब्ल्यूने ती पुन्हा उभी करून 2016 मध्ये लोकांसमोर आणली.

दुसरी गोष्ट फ्रान्समधल्या बायों संग्रहाची. वाहतूक व्यवसायातल्या एका माणसाने 1950 च्या दशकापासून गाड्या जमवल्या, संग्रहालय काढायचं मनात होतं. 1970 च्या दशकात धंदा बसला, काही गाड्या विकाव्या लागल्या, उरलेल्या पत्र्याच्या शेडखाली राहिल्या. 2014 मध्ये नातवंडांनी लिलाववाल्यांना बोलावलं तेव्हा तिथे सुमारे 60 गाड्या होत्या, आणि जुन्या मासिकांच्या ढिगाखाली 1961 ची फेरारी 250 जीटी कॅलिफोर्निया स्पायडर, उघड्या टपाची. फेब्रुवारी 2015 मध्ये पॅरिसमध्ये ती 1.6 कोटी युरोंच्या वर गेली. लोक याला ‘हरवलेला खजिना’ म्हणतात. पण घरच्यांच्या लेखी त्या गाड्या कधीच हरवल्या नव्हत्या; त्यांना फक्त विकायच्या नव्हत्या.

म्हणून माणसं शोधा. क्लबांच्या जुन्या सभासद याद्या, चाळीस वर्षांपूर्वीच्या मासिकांतल्या छोट्या जाहिराती, त्या कंपनीच्या जुन्या डीलरकडचे मेकॅनिक. आणि आमच्यासारखे टपवाले! गंमत म्हणून सांगत नाही. इंजिनाचं काम माणूस घरी करून बघतो, टप मात्र शिवायलाच द्यावा लागतो. माझ्या वहीत अशा आठ-दहा गाड्या आहेत ज्यांच्या मालकांनी कधीतरी टपाचा भाव विचारला आणि मग काहीच कळवलं नाही. त्या गाड्या अजून कुठेतरी उभ्या आहेत. प्रत्येक जुन्या कारागिराकडे अशी वही असते. कागदावर नसली तर डोक्यात.

मालक सापडला की पहिल्या भेटीत किंमत काढू नका. तुमचा तिसरा मालक आठवा. तो ‘नाही’ म्हणाला म्हणजे गाडी अजून त्याच्याकडेच आहे, तशीच आहे, आणि आता त्याला तुमचं नाव माहीत आहे. वर्षातून एक-दोनदा चौकशी करा, गाडीचा जुना फोटो किंवा माहितीपुस्तिका हाती लागली तर पाठवून द्या, बस. माझ्या माहितीतल्या एका ग्राहकाने एका म्हाताऱ्या गृहस्थांना अकरा वर्षं अशी पत्रं लिहिली. ते गेल्यावर त्यांच्या मुलीने पहिला फोन त्याला केला. कुणाचा मृत्यू होण्याची वाट बघायची हा प्रकार मनाला खटकतो, मलाही खटकतो. पण त्या घराला योग्य किंमत सांगणारा आणि गाडी कापून न विकणारा माणूस मिळणं हेही काही कमी नाही. किंमत मात्र खरी सांगा. घरच्यांना माहीत नाही म्हणून पाण्याच्या भावात उचललेल्या गाडीची गोष्ट त्या क्लबात दहा वर्षं फिरते, आणि पुढची दारं बंद होतात.

परदेशातल्या जाहिरातीवर गाडी न बघता आगाऊ पैसे पाठवू नका. विक्रेत्याकडे एक विशिष्ट फोटो मागा: ड्रायव्हरचं दार उघडं, सीटवर आज तुम्ही सांगाल ते वाक्य लिहिलेला कागद, आणि त्याच चौकटीत चॅसिस प्लेट. खरा मालक कुरकुर करून का होईना, पाठवतो. कागदपत्रांचे नियम देशोदेशी वेगळे आहेत, त्यामुळे नोंदणी आणि आयातीचं तुमच्याकडे काय लागतं ते सौद्याआधी पक्कं करा. त्यावर इथून सांगण्यात अर्थ नाही.

गाडी समोर आली की इंजिनाकडे सगळ्यात शेवटी बघा. इंजिन दुरुस्त होतं. छप्पर असलेल्या गाडीत छप्पर आणि खांब मिळून सांगाडा ताठ ठेवतात. उघड्या गाडीला तो आधार नसतो. ज्यांच्या खाली वेगळी चॅसिस नाही, अशा गाड्यांत सगळा भार फरशीवर आणि दाराखालच्या लांब पेटीवर, म्हणजे सिलवर येतो. आणि पाणी नेमकं तिथेच उतरतं, कारण टपाच्या घडीजवळची पाणी जायची भोकं पाल्यापाचोळ्याने तुंबतात. सिल आतून कुजली की गाडी मधोमध वाकते. दार बंद करून दार आणि मागच्या मडगार्डमधली फट बघा: वर अरुंद, खाली रुंद असेल तर संशय घ्या. मग मालकाच्या परवानगीने, ॲक्सलखाली नव्हे तर बॉडीला जॅक लावायच्या ठरलेल्या जागी जॅक लावून गाडी जरा उचला. फट बदलली, दार उघडताना अडलं, तर गाडीचा कणा गेला. इथे मी सहसा थांबतो आणि ग्राहकाला घरी पाठवतो. मालकाने तयारी दाखवली तर कार्पेट उचलून सीटखालची फरशी बोटाने दाबा. गंजाचा पापुद्रा बोटाला कळतो, डोळ्याला कळायला वेळ लागतो.

त्यानंतर टपाचा सांगाडा. कापड गेलं तर नवं मिळतं, मागची पिवळी पडलेली प्लास्टिकची खिडकी नवी बसते. पण टपाच्या कमानी, बिजागऱ्या, पुढच्या काचेला अडकणारी लाकडी पट्टी हे दुर्मीळ गाडीत दुसरीकडून मिळत नाही, मिळालं तरी बसत नाही. कारखान्यात हे हातांनी जुळवलेलं असायचं, एका गाडीचा सांगाडा दुसरीला अर्धा इंच चुकतो. ‘टप आहे, पण काढून ठेवलाय’ असं मालक म्हणाला तर तो आधी बघा, मग गाडी बघा. पाऊस-पडद्यांच्या गाडीत पडद्यांच्या चौकटी, टपाची पिशवी, सीट झाकायचं ताडपत्रीसारखं कापड हेही मोजून घ्या.

आता मूळ रंगाबद्दल, जिथे तुम्ही एकदा फसलात. रंगाची जाडी मोजायचं यंत्र घ्या. कारखान्यातला जुना रंग साधारण 100 ते 200 मायक्रॉनच्या आसपास निघतो, हाताने मारलेला असेल तर जागोजागी कमी-जास्त. एखादाच भाग एकदम 400 दाखवत असेल तर तिथे पुन्हा रंग आहे. हजाराच्या वर गेला तर खाली पुट्टी आहे. पण यंत्रावर विसंबून राहू नका. दाराच्या रबराखाली, डॅशबोर्डच्या मागे, सुट्या चाकाच्या खड्ड्यात बघा. तिथला रंग आणि बाहेरचा रंग एकाच तऱ्हेने म्हातारा झालेला असला पाहिजे. स्क्रूच्या खाचा कुरतडलेल्या नसाव्यात. काचांवरच्या खुणा, शक्य असेल तिथे त्यांचे तारखांचे कोड, एकमेकींशी जुळावेत.

लोहचुंबक नेत असाल तर आधी अभ्यास करा. एका ग्राहकाने मला घाबरून फोन केला होता की ऑस्टिन-हीली 100 च्या पुढच्या भागाला चुंबक चिकटतच नाही, सगळी पुट्टी आहे. त्या गाडीचे मधले पुढचे-मागचे भाग कारखान्यातूनच ॲल्युमिनियमचे असतात, मडगार्ड स्टीलचे! तिथे बघायची गोष्ट वेगळी: दोन धातू जिथे भेटतात तो जोड, कारण गंज तिथून सुरू होतो. जॅग्वार एक्सके120 च्या पहिल्या सुमारे 240 गाड्यांची तर अख्खी बॉडीच ॲल्युमिनियमची होती.

उघड्या गाडीत एक खास लबाडी असते: बंद टपाची गाडी कापून केलेली कन्व्हर्टिबल. ती नंबरातून कळते. 1965-66 च्या फोर्ड मस्टँगच्या नंबरात तिसरा-चौथा अंक 08 असेल तर ती कन्व्हर्टिबल म्हणूनच जन्मली. 07 किंवा 09 असेल तर कुणीतरी छप्पर उडवलंय. 3.8 लीटरच्या ई-टाइपमध्ये उजव्या स्टिअरिंगच्या उघड्या गाड्या 850001 पासून आणि बंद गाड्या 860001 पासून. डाव्या स्टिअरिंगच्या अनुक्रमे 875001 आणि 885001 पासून. दोन मिनिटांचं काम आहे, पण आपल्या मॉडेलचे हे आकडे पाठ न करता लोक शेकडो किलोमीटर जातात.

दुर्मीळतेबद्दल एक कटू गोष्ट. काही गाड्या थोड्या बनल्या कारण त्या कुणालाच नको होत्या, आणि आजही फारशा कुणाला नको आहेत. शिवाय गाडी जितकी दुर्मीळ, तितके भाग अशक्य. एमजीबी या भरपूर बनलेल्या ब्रिटिश गाडीची अख्खी नवी बॉडी 1988 पासून कारखान्यात पुन्हा बनू लागली. तिच्या बाबतीत चुकलात तरी मार्ग आहे. पन्नास बनलेल्या गाडीत चुकलात तर प्रत्येक तुकडा हाताने घडवावा लागतो, आणि मग ती ‘न रिस्टोअर केलेली’ राहतच नाही. तुम्हाला ती रोज चालवायची आहे, की महिन्यातून एकदा, की जपून ठेवायची, यावर माझा सल्ला बदलेल. रोजच्या वापरासाठी मूळ अवस्थेतली गाडी घेऊ नका. तुमच्या वापरानेच तिचं मूळपण संपेल, आणि दोष गाडीचा नसेल.

हे मी स्वतः करून शिकलोय. धंद्याच्या सुरुवातीला माझ्याकडे एक गाडी आली, पहिल्या मालकाची, टप विटलेला, दोन ठिकाणी फाटलेला. मी हौसेने नवा कोरा शिवला आणि जुना फेकून दिला. काही वर्षांनी कळलं की त्या मॉडेलची कारखान्यातली शिलाई आणि त्या कापडाचा विणीचा नमुना कुठेही नोंदलेला नव्हता. माझ्या कचऱ्यात गेलेला तो एकच धड पुरावा होता. आता मी फाटलेला टप आतून कापडाचं अस्तर लावून धरून ठेवतो, आणि बदलावाच लागला तर जुना घडी न घालता गुंडाळून मालकाला परत देतो.

तयारीचं म्हणाल तर तीन गोष्टी हाताशी ठेवा: पैसे मोकळे, उचलायला ट्रेलरवाला ठरलेला, आणि गाडी ठेवायला कोरडी बंद जागा. ज्या दिवशी फोन येईल त्या दिवशी कर्जाचा अर्ज भरत बसलात तर गेली.

आणि गाडी मिळाली तर ती चालू करून बघायच्या भानगडीत पडू नका. वर्षानुवर्षं उभ्या गाडीत पेट्रोलचा डिंक झालेला असतो, टाकीतला गंज कार्ब्युरेटरमध्ये जातो, ब्रेक जाम असतात. स्पार्क प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडं तेल सोडा, काही दिवस राहू द्या, मग इंजिन हाताने फिरवा. त्याआधी, गाडी हलवण्यापूर्वी, आहे त्या जागीच तिचे फोटो काढा, सीटखालचा कचरासुद्धा; जुन्या पावत्या आणि टपाचे गळून पडलेले हुक त्याच कचऱ्यात सापडतात. पाण्याचा जोरदार फवारा मारू नका. टप मिटलेला असेल तर मिटलेलाच आणा, वर असेल तर वरच. वीस वर्षं घडीत असलेलं व्हिनाइल थंडीत उघडलं की घडीवर सरळ रेषेत तडकतं, आणि मग तुम्हाला मला फोन करावा लागतो. उबदार खोलीत दोन दिवस ठेवा, मग दोघांनी मिळून, एकेका कमानीने, हळूहळू उचला.